हातचं राखून खेळलेल्या तीन अठ्ठ्या

टेक्सास होल्डेम पोकरच्या या हातात, म्हणजे डावात, खेळाडू जिंकला. ४४,००० चिप्सचा पॉट, म्हणजे टेबलावर जमलेली रास, त्याच्याकडे सरकला, स्पर्धेतलं स्थानही शाबूत राहिलं. म्हणूनच हा हात तपासायला घेतला आहे. हरलेल्या हाताची चिरफाड खेळाडू न सांगता करतो, जिंकलेल्या हाताची चौकशी कुणी करत नाही आणि त्यातली गळती वर्षानुवर्षं तशीच राहते. प्रकरण शिकण्यासाठी रचलेलं आहे. आकडे तोंडी हिशेबाला सोपे जातील असे घेतले आहेत, पण यातला एकेक निर्णय मोठ्या स्पर्धांच्या टेबलांवर नेहमी दिसणारा आहे.

खेळाडू मुलुंडचा, स्पर्धा गोव्यातली. महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो कायदा कागदावर होता, तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. त्यामुळे मुंबईकराला समोरासमोरची मोठी स्पर्धा खेळायची तर बहुतेक वेळा गोव्यात मांडवीच्या काठी जावं लागतं. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळही बंद केले, त्यात कौशल्याचे खेळही आले. परिणाम असा की आता वर्षाकाठी मोजक्याच स्पर्धा वाट्याला येतात. प्रवास, मुक्काम, रजा, प्रवेश फी एवढं सगळं करून आलेला माणूस बक्षिसाच्या उंबरठ्यावर जास्तच जपून पावलं टाकतो. या प्रकरणात नेमकं तेच झालं.

परिस्थिती

९७ खेळाडू उरले आहेत, बक्षिसं ९० जणांना. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांनी भरायची सक्तीची रक्कम, २,००० (स्मॉल) आणि ४,००० (बिग), शिवाय बिग ब्लाइंडने सगळ्या टेबलाच्या वतीने भरायचा ४,००० चा अँटी. आपला खेळाडू कटऑफवर, म्हणजे डीलरच्या बटणाच्या अलीकडच्या जागेवर. त्याच्याकडे १,६०,००० आहेत, म्हणजे ४० बिग ब्लाइंड. हातात इस्पिक अठ्ठी आणि चौकट अठ्ठी. त्याने ९,००० पर्यंत रेझ केलं, म्हणजे बोली वाढवली. बटण आणि स्मॉल ब्लाइंड पॅक झाले. बिग ब्लाइंडकडे साधारण २,००,००० होते, त्याने कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले. पॉट २४,०००.

बिग ब्लाइंडचा कॉल आधी समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. त्याला आणखी ५,००० टाकायचे होते आणि पॉटमध्ये १९,००० पडलेले होते. सुमारे २१ टक्के वाटा मिळाला तरी त्याचं नुकसान नाही. एवढ्या स्वस्तात तो राणी-दहा, दहा-नऊ, सहा-पाच असले हातही टाकणार नाही. एक्के, राजे किंवा राण्यांची जोडी असती तर मात्र त्याने बहुतेक वेळा उलट रेझ केलं असतं.

फ्लॉप (सगळ्यांसाठी सामाईक असे पहिले तीन उघडे पत्ते): बदाम राणी, बदाम अठ्ठी, किलवर सत्ती. हातातली जोडी आणि बोर्डावरची, म्हणजे उघड्या पत्त्यांतली, एक मिळून तीन अठ्ठ्यांचा सेट. समोरचा, म्हणजे बिग ब्लाइंड, चेक (काही न लावता पुढे). आपला खेळाडूही चेक.

टर्न (चौथा सामाईक पत्ता): इस्पिक दुर्री. समोरच्याने १०,००० लावले. आपल्या खेळाडूने नुसता कॉल केला. पॉट ४४,०००.

रिव्हर (पाचवा आणि शेवटचा): बदाम राजा. समोरचा चेक, आपला खेळाडू चेक. समोरच्याने इस्पिक राणी आणि चौकट गुलाम दाखवले. पॉट आपल्या खेळाडूचा, चिप्स १,८५,०००.

शेजारी बसलेल्या गिरगावच्या खेळाडूने एवढंच विचारलं, "दादा, तीन अठ्ठ्या घेऊन एवढंच?" उत्तरं तीन आली, आणि तिन्ही वेगवेगळी. फ्लॉपला म्हणे समोरच्याला काहीतरी लागू द्यायचं होतं. टर्नला बबल होता, म्हणजे बक्षिसाच्या उंबरठ्यावरची घडी. रिव्हरला तिसरं बदाम आलं. एकाच हातात तीनदा मागे हटायला तीन निराळी कारणं सापडली की संशय घ्यावा. बहुतेक वेळा निर्णय आधी ठरलेला असतो आणि कारण मागाहून शोधलेलं असतं.

फ्लॉप: सगळ्यात महाग चेक

"लागू द्यावं" ही सवय येते कुठून, हे मुंबईत सांगायला नको. पत्त्यांची पहिली ओळख दिवाळीतल्या तीन पत्तीची. तिथे ट्रेल (तीन सारखे पत्ते) हातात आलं की गप्प बसून बारीक चाल चालत राहणं योग्यच असतं. पत्ते एकदाच वाटले जातात, नंतर नवा पत्ता येत नाही, त्यामुळे तुमचं ट्रेल मिनिटागणिक कमकुवत होत नाही. चालीच्या फेऱ्याही ठरलेल्या नसतात. दोघंच उरून कुणी शो मागेपर्यंत पैसे पडतच राहतात. घाई केली तर बाकीचे पॅक होतात, संयम ठेवला तर पॉट फुगत जातो.

होल्डेममध्ये या दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. फ्लॉपनंतर आणखी दोन पत्ते यायचे असतात, आणि बेटिंगच्या फेऱ्या मोजून तीन उरलेल्या असतात: फ्लॉप, टर्न, रिव्हर. एक फेरी सोडली की ती परत मिळत नाही.

बहुतेकांना यातला पहिला धोका दिसतो, दुसरा दिसत नाही. पहिला आधी संपवू. समोरच्याकडे दोन बदाम असतील तर फ्लशसाठी (एकाच रंगाचे पाच पत्ते) टर्नला त्याला उपयोगी पत्ते आठ. उरलेली बदामं नऊ, पण बदाम सत्ती आली तर आपलं फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी) होतं. दहा-नऊ असेल तर स्ट्रेटसाठी (ओळीने पाच पत्ते) गुलाम किंवा छक्की, पुन्हा आठ पत्ते. न दिसलेल्या ४५ पत्त्यांत आठ, म्हणजे १८ टक्क्यांच्या आत. आपण १६,००० लावले असते तर समोरच्याला ४०,००० साठी १६,००० मोजावे लागले असते, त्याला किमान २८ टक्के हवे होते. चेक करून तोच पत्ता आपण फुकट दिला. मात्र हा धोका फार वाढवून सांगण्यातही अर्थ नाही. पाचातल्या चार वेळा काहीच बिघडत नाही, आणि बिघडलं तरी रिव्हरला फुल हाउस किंवा चार अठ्ठ्या करणारे दहा पत्ते आपल्यासाठी उरतात.

खरी किंमत दुसऱ्या गोष्टीची. फ्लॉपला पॉट २४,००० आणि आपल्याकडे मागे १,५१,०००, म्हणजे पॉटच्या सव्वासहा पट. तीन फेऱ्यांत हे सगळं मध्ये घालायचं असेल तर प्रत्येक फेरीला पॉटच्या ६९ टक्के लावावे लागतात. फ्लॉपला साडेसोळा हजार, टर्नला चाळीस हजाराच्या आसपास, रिव्हरला ९५,०००. यातला एकही आकडा वेडगळ वाटत नाही, राणीची जोडी घेऊन बसलेला माणूस पहिले दोन तरी भरतोच. फ्लॉपला चेक केलं की उरलेल्या दोन फेऱ्यांत प्रत्येकी १३४ टक्के लावावे लागतात, म्हणजे पॉटपेक्षा मोठी बेट, तीही दोनदा. टर्नलाही कॉलच केला की रिव्हरला पॉट ४४,००० आणि मागे १,४१,०००. तिपटीहून मोठी बेट. ती कोण कॉल करणार? पॉट गुणाकाराने वाढतो, त्यामुळे पहिल्या फेरीत न लावलेले सोळा हजार शेवटच्या फेरीत पन्नास-साठ हजारांना पडतात.

आता "लागू द्यावं" या बाजूचा फायदाही मोजू, नाहीतर एकतर्फी होईल. समोरच्याकडे राजा-दहा आहेत असं धरा. फ्लॉपला बेट लावली तर तो पॅक होईल, चेक केलं तर टर्नला राजा किंवा दहा लागून तो अडकेल. असे पत्ते सहा, म्हणजे १३ टक्के. तेव्हा त्याच्याकडून फार तर एखादी बारा-पंधरा हजारांची बेट मिळेल. सरासरीने ते दोन हजारांच्या आत बसतं. कधी तो टर्नला नुसतीच थाप मारेल, त्याचे काही हजार वर धरा. याउलट राणी-गुलामवाल्याकडून गमावले ते चाळीस हजारांच्या पुढे.

आणि राणीवाले हात कमी नाहीत. बोर्डावर एक राणी, तीन बाहेर. राजा-राणी १२ प्रकारे, राणी-गुलाम १२ प्रकारे, राणी-दहा १२ प्रकारे येऊ शकतात. आपल्या हातात अठ्ठ्या आहेत, राण्या नाहीत. म्हणजे पैसे भरणारे पत्ते आपण अडवलेले नाहीत, ते समोरच्याकडेच असण्याची शक्यता आहे. सेट कुठला आहे हे बघितल्याशिवाय सापळा लावायचा नाही, तो याचसाठी.

एक भीती नेहमी बोलून दाखवली जाते: मोठी बेट लावली तर मोठा हात उघडा पडेल. पडेल, जर मोठी बेट फक्त मोठ्या हातालाच लावत असाल तर. या बोर्डावर गुलाम-दहा, दहा-नऊ, एक्क्यासकट दोन बदाम हे हातही त्याच मापाने लावायचे असतात. मग समोरच्याला सेट आणि ड्रॉ (अजून पूर्ण व्हायचा हात) यांत फरक करता येत नाही.

टर्न आणि बबल

टर्नचा कॉल फ्लॉपच्या चेकपेक्षा कमी वाईट आहे. समोरच्याने स्वतःहून पैसे टाकले, त्यात थापाही असणार, आणि कॉल केल्याने त्या जिवंत राहतात. तरी ३२,००० पर्यंत रेझ बरं होतं. राणीवाला आणि बहुतेक ड्रॉ ते भरतात, पॉट ८८,००० होतो, मागे १,१९,००० राहतात, रिव्हरला साठ हजारांची सरळ बेट शक्य होते. इस्पिक दुर्रीने कुणाचंच काही भलं केलेलं नाही, ड्रॉ अजून अपुरे आहेत आणि पैसे भरायला तयार आहेत. रिव्हरनंतर ते एकतर पूर्ण होतील किंवा मरतील, आणि मेलेला ड्रॉ एक चिपही देत नाही.

इथे टेबलावरची एक बारीक गोष्ट. समोर १०,००० ची बेट असताना न बोलता २५,००० ची एकच चिप टाकली तर तो कॉल धरला जातो. रेझ करायचं तर आधी आकडा तोंडाने बोलायचा, मग चिप्स टाकायच्या. अवघडलेल्या खेळाडूचं "रेझ करणार होतो" इथेच फसतं.

बबलचा मुद्दा मात्र नीट बघायला हवा, कारण तो खोटा नाही. बक्षिसाच्या तोंडाशी गमावलेली चिप कमावलेल्या चिपपेक्षा महाग असते. हे मोजायची नेहमीची पद्धत म्हणजे आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल), चिप्सचं बक्षिसाच्या पैशांतलं मोल काढणारं गणित. तिच्या मुळाशी असलेलं सूत्र डेव्हिड हारव्हिल यांनी १९७३ मध्ये शर्यतीतल्या घोड्यांचे क्रमांक लागण्याच्या शक्यतांसाठी मांडलं होतं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाणाऱ्यांना पटेल असा त्याचा तर्क आहे: पहिला कोण येईल याच्या शक्यतेवरून दुसरा-तिसरा कोण, हे काढत जायचं. पोकरमध्ये घोड्याच्या जागी खेळाडू येतो आणि त्याच्या शक्यतेच्या जागी त्याच्या चिप्सचा वाटा.

समजा या दोघांमध्ये गमावलेली चिप कमावलेल्या चिपच्या १.३ पट महाग आहे. समोरच्याकडे आपल्यापेक्षा जास्त चिप्स आहेत, त्यामुळे भार आपल्यावर जास्त, हे मान्य. एकास एक पैजेला मग ५० ऐवजी साडेछप्पन टक्के लागतात. पॉटमध्ये आधीच पडलेले २४,००० धरले तर फ्लॉपलाच सगळं आत गेलं तरी ५३ टक्के पुरतात. आता समोरच्याला सगळ्यात त्रासदायक हात देऊ: बदाम दहा, बदाम नव्वी. फ्लशही, दोन्हीकडून स्ट्रेटही. टर्नला उपयोगी पत्ते चौदा. एवढं असूनही तीन अठ्ठ्या सुमारे ५९ टक्के वेळा जिंकतात. हा हिशेब तोट्यात जायला १.३ च्या जागी १.६५ च्या आसपास पट लागते, तीही फक्त या एका हातासमोर. इस्पिक राणी-चौकट गुलामासमोर आपण फ्लॉपला ९७ टक्क्यांवर होतो आणि टर्ननंतर त्याला वाचवणारा एकही पत्ता शिल्लक नव्हता.

म्हणजे बबल आहे म्हणून काटकसर करायची ती कुठे? एक्का-दहा घेऊन ऑल-इनला (सगळ्या चिप्सच्या बेटला) कॉल करण्यात, दुसऱ्या जोडीने तिसरी फेरी भरण्यात, मोठ्या चिप्सवाल्याला थाप मारण्यात. सेटमध्ये नाही. फार तर बेटचं माप थोडं उतरवावं. समोरच्यालाही बक्षीस हवंच आहे, तो नेहमीपेक्षा किंचित लवकर सोडेल. म्हणून ६९ ऐवजी ५५-६० टक्के लावणं बबलवर शहाणपणाचं ठरू शकतं. शून्य लावणं नाही.

अपवाद सॅटेलाइटचा, म्हणजे मोठ्या स्पर्धेतला प्रवेश जिंकायच्या छोट्या स्पर्धेचा. तिथे सगळ्या विजेत्यांना सारखीच जागा मिळते, जादा चिप्सना मोल नसतं, आणि जागा पक्की दिसत असेल तर एक्क्यांची जोडीसुद्धा टाकून देणं बरोबर असतं. सॅटेलाइटमधून वर आलेले पुष्कळ खेळाडू तीच सवय मुख्य स्पर्धेत घेऊन येतात.

रिव्हर

बदाम राजा वाईट पत्ता, यात वाद नाही. फ्लश पूर्ण झाला. पण समोरच्याने टर्नला बेट लावून इथे चेक केलं होतं. फ्लशवाला असं क्वचित करतो. समोरून चेक येईल आणि फेरी फुकट जाईल ही भीती त्यालाही असतेच, त्यामुळे बरेचसे फ्लश इथे स्वतःच बेट लावतात. चेक करणाऱ्यांत फ्लशचे बारा प्रकार उरले असं सढळ हाताने धरा. दुसऱ्या बाजूला राजा-राणी नऊ (राजा बोर्डावर आल्याने कमी झाले), राणी-गुलाम बारा, राणी-दहा बारा, एकूण ३३. १८,००० लावले आणि सगळ्यांनी भरले तर ४५ पैकी ३३ वेळा आपण पुढे, प्रत्येक कॉलमागे सरासरी ८,४०० चा फायदा. राणी-दहावाले सगळे पॅक झाले तरी २१ विरुद्ध १२. ही बेट कुठल्याच बाजूने तोट्यात जात नाही. वरून चेक-रेझ (आधी चेक, मग आपल्या बेटवर रेझ) आलं तर शांतपणे टाकून द्यायचं, १८,००० गेले तरी हातात १,२३,००० राहतात.

म्हणून आमच्या मते रिव्हरचा चेक रकमेने सगळ्यात छोटा, पण बचाव करायला सगळ्यात अवघड. फ्लॉपच्या चेकला निदान एक योजना होती.

दुसऱ्या वाटेने

फ्लॉपला १६,००० लावले, राणी-गुलामने भरले, पॉट ५६,०००. टर्नला ३८,०००, पुन्हा कॉल, पॉट १,३२,०००. मागे ९७,०००. रिव्हरला बिनकामाचा पत्ता आला असता तर ऑल-इन, ते पॉटच्या ७३ टक्के भरलं असतं. बदाम राजा आल्यावर ऑल-इन नको. तिसेक टक्क्यांची छोटी बेट किंवा चेक. चेकच केलं असं धरू. तरीही चिप्स २,२९,००० होतात, प्रत्यक्षातल्या १,८५,००० च्या जागी. फरक ४४,०००, म्हणजे ११ बिग ब्लाइंड. एवढा पॉट तर तो जिंकला होता!

ब्लाइंड ४,०००-८,००० झाल्यावर तोच फरक असा दिसतो. १,८५,००० म्हणजे २३ बिग ब्लाइंड. १८,००० च्या रेझवर ५५,००० ची उलट रेझ केली तर ३० टक्के चिप्स गेल्या, मागे फिरणं जवळपास अशक्य. २,२९,००० असते तर तीच रेझ २४ टक्क्यांत बसते आणि पॅक होण्याची मुभा राहते.

सावधपणा कधी बरोबर

सापळा चुकीचा नाही, जागा चुकीची होती. फ्लॉप राणी-सत्ती-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांचे, आणि आपल्या हातात दोन राण्या. आता बाहेर एकच राणी उरली, समोरच्याकडे भरायला काही नाही, आणि पुढच्या पत्त्याने बिघडण्यासारखंही काही नाही. इथे चेक चांगला. दुसरी जागा कमी चिप्सची. सुरुवातीला १५ बिग ब्लाइंड असतील तर फ्लॉपला मागे पॉटच्या दुपटीहून थोडं जास्त उरतं. एक फेरी सोडली तरी उरलेल्या दोन फेऱ्यांत प्रत्येकी ६५ टक्के लावून सगळं आत जातं. तिसरी जागा म्हणजे चेक दिसला की दर वेळी तुटून पडणारा समोरचा. मात्र त्याला तसं करताना निदान दोन-तीनदा पाहिलेलं असावं. "तसा वाटतो" एवढ्यावर नको.

सराव

नो-लिमिटमध्ये (बेटवर वरची मर्यादा नसलेल्या प्रकारात) डीलर पॉट मोजून सांगत नाही, तो हिशेब स्वतः ठेवावा लागतो. फ्लॉप पडायच्या आधीच दोन आकडे मनात हवेत: पॉट किती आणि दोघांपैकी ज्याच्याकडे कमी चिप्स आहेत त्याच्याकडे मागे किती. त्यांच्या पटीवरून माप ठरतं. मागे पॉटच्या दुप्पट असेल तर तीन फेऱ्यांना ३६ टक्के, दोन फेऱ्यांना ६२. चौपट असेल तर ५४ आणि १००. सहापट असेल तर ६८ आणि १३०. दहापट असेल तर ८८ आणि १७९. एवढ्या चार ओळी पाठ असल्या तर टेबलावर गणित करावं लागत नाही.

घरी पत्त्यांचा एक जोड आणि बिनपैशाच्या चिप्स पुरतात. एकाने सेट किंवा दोन जोड्या उघड्या घेऊन बसायचं, दुसऱ्याने बिग ब्लाइंडच्या हातांतून चिठ्ठी काढायची. तोच फ्लॉप दोनदा खेळायचा, एकदा बेट लावून आणि एकदा चेक करून, आणि शेवटी पॉट किती झाला ते लिहायचं. वीसेक चिठ्ठ्यांनंतर दोन रकान्यांच्या बेरजा शेजारी ठेवायच्या. स्पर्धेतल्या हातांची वहीही त्याच पद्धतीची असावी: फ्लॉपचा पॉट, मागच्या चिप्स, किती फेऱ्यांत आपण स्वतः बेट लावली, शेवटचा पॉट. त्यात जिंकलेले हात आधी लिहायचे. हरलेले लक्षात राहतातच.